छोटा सौर इनव्हर्टर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावू द्यावा का?

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत राहणाऱ्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. घर जुने, दुमजली. खाली त्यांचे कुटुंब आणि वर दिरांचे. वीजमीटर दोघांत एकच, आणि तोही अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर. विद्युत शाखेच्या पदविकेला असलेल्या त्यांच्या पुतण्याने ६०० वॅटचा एक छोटा ग्रिड-टाय (वीज कंपनीच्या पुरवठ्याला जोडून चालणारा) इनव्हर्टर आणि ३०० वॅटची दोन सौर पॅनेल ऑनलाइन मागवली. इनव्हर्टरला तीन पिनांचा साधा प्लग आहे आणि तो गच्चीवरच्या खोलीतील सॉकेटमध्ये खोचला की उन्हाची वीज घरात येते, असे पुतण्याचे म्हणणे. एका दुपारी त्याने ते सर्वांसमोर करून दाखवले. मेन स्विच पाडताच इनव्हर्टर आपोआप बंद झाला, तेव्हा घरातल्यांची खात्रीच पटली. अनेक वर्षे घरी येणारे वायरमनही ‘काही होत नाही, वहिनी’ असे सांगून गेले. घरात बॅटरीवरचा इनव्हर्टर आधीपासून आहे. पुतण्याचा हिरमोड करायचा नाही, पण मनातली धास्तीही जात नाही, अशा अवस्थेत त्या विचारतात : एवढ्याशा यंत्राने खरोखर काही बिघडेल का, की मी उगाच घाबरते आहे? आणि हे महावितरणला कळवायलाच हवे का?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही उगाच घाबरत नाही. मात्र तुमच्या पत्रात ‘एवढेसे यंत्र’ हा शब्दप्रयोग दोनदा आला आहे आणि माझ्या मते घोटाळा तिथूनच सुरू होतो. तुमच्या घरातले सगळे या इनव्हर्टरकडे मिक्सर किंवा टेबलफॅनसारखे आणखी एक उपकरण म्हणून पाहत आहेत, कारण त्याला तसाच प्लग आहे. मिक्सर वीज घेतो. हे यंत्र वीज देते. तुमच्या घरातील प्रत्येक वायर, प्रत्येक एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि मीटरसुद्धा वीज एकाच दिशेने, खांबावरून घरात येणार असे धरून बसवलेले आहे. म्हणून हे यंत्र किती वॅटचे आहे यापेक्षा ते घराच्या वायरिंगला कोणत्या जागी आणि कशा रीतीने जोडले आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

ग्रिड-टाय इनव्हर्टर स्वतःहून वीज उभी करत नाही. खांबावरून येणारा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झचा पुरवठा त्याला आधी दिसावा लागतो. मग तो आपली वीज त्या लयीशी जुळवून त्यात ढकलतो. पुरवठा नसेल तर त्याने थांबायचे असते. याचा एक साधा अर्थ तुमच्या घरात कदाचित नीट पोहोचलेला नाही : लाईट गेल्यावर या यंत्रावर पंखा चालणार नाही, मग बाहेर कितीही कडक ऊन असो. पुतण्याला हे ठाऊक असणार; पण दीर आणि तुमचे यजमान ज्या उत्साहाने त्याची बाजू घेत आहेत, त्यावरून त्यांची अपेक्षा वेगळी असावी असे वाटते. ती आधी विचारून घ्या, कारण अपेक्षा लाईट गेल्यावरच्या विजेची असेल तर ही खरेदीच चुकीच्या यंत्राची झाली आहे.

आता धोक्याचे. पुतण्याच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी बोलतो. ६०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साधारण २.६ अँपिअर. हा प्रवाह मोठा नाही. जर्मनीत सज्जाच्या कठड्याला पॅनेल बांधून असे छोटे इनव्हर्टर लावण्याची रीतसर मुभा आहे आणि मे २०२४ पासून तिथे इनव्हर्टरची मर्यादा ८०० वॅट केली आहे. पुतण्याने इंटरनेटवर जे पाहिले ते बहुधा तिथले असेल आणि ते खोटे नाही. पण तिथेही यंत्राची नोंदणी करावी लागते, उलटा फिरणारा जुना मीटर बदलून मिळतो आणि ही मर्यादा तिथल्या घरांचे वायरिंग गृहीत धरून ठरवलेली आहे. आपल्या पेठांमधल्या जुन्या घरांत भिंतीआड काय आहे हे कित्येकदा घरमालकालाही माहीत नसते. खालच्या मजल्यावर नवे तांब्याचे वायरिंग, वर लाकडी पट्टीवरची जुनी वायर, गच्चीवरच्या खोलीला नंतर कधीतरी ओढलेले एक वेगळेच जोडकाम, आणि फ्यूजमध्ये दोन-तीन पदरी तार, अशी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत.

अशा घरात एमसीबीचे काय होते ते आकड्यांनी पाहू. वरच्या मजल्याच्या सॉकेटांना १६ अँपिअरचा एमसीबी आहे असे समजा. असा एमसीबी १८ अँपिअरपर्यंत तासभर तरी पडत नाही. त्याच्या रचनेतच ती सूट आहे आणि वायर तेवढे सोसेल अशा बेताने निवडलेली असते. पण एमसीबी फक्त स्वतःमधून जाणारा प्रवाह मोजतो. त्याच्या पुढे, त्याच वायरवर सौर इनव्हर्टर २.६ अँपिअर ओतत असेल, तर एकाच वेळी इस्त्री, पाणी तापवायचा रॉड आणि आणखी एखादे जड उपकरण चालू असताना वायरच्या एखाद्या तुकड्यातून २० अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ शकतो आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. चांगल्या तांब्याच्या वायरीला एवढ्याने लगेच काही होणार नाही, हेही खरे. जुन्या वायरीचा सैल झालेला एखादा जोड मात्र तापत राहतो आणि आग लागते ती बहुतेकदा अशा जोडापाशीच. शिवाय सहाशेवर कोणी थांबत नाही. पुढच्या दिवाळीच्या सवलतीत आणखी दोन पॅनेल येतात, दुसरा इनव्हर्टर येतो आणि तो त्याच खोलीतल्या दुसऱ्या सॉकेटला लागतो.

प्लगची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सॉकेटमध्ये वीज आतल्या बाजूला झाकलेली असते आणि प्लगच्या उघड्या पिना निर्जीव असतात, या भरवशावर आपण लहानपणापासून प्लग ओढत आलो आहोत. इथे प्लग ओढला की ज्या पिना हातात येतात त्यांच्या मागे चालू इनव्हर्टर आहे. चांगला इनव्हर्टर क्षणार्धात बंद होतो. हलक्या दर्जाच्या इनव्हर्टरच्या पिनांवर थोडा वेळ वीज राहू शकते. गच्चीवर वाळवणे घालायला आणि पतंग उडवायला घरातली मुले जातात, हे तुम्हीच लिहिले आहे.

मेन स्विच पाडून पाहिलेल्या परीक्षेने घरातल्यांना जो विश्वास मिळाला, तो मला सर्वांत अधिक खटकतो. पुरवठा गेल्यावर इनव्हर्टरने आपणहून थांबणे याला तांत्रिक भाषेत आयलंडिंग-विरोधी संरक्षण म्हणतात, आणि ते दोन सेकंदांच्या आत घडावे असा दंडक आहे. हे संरक्षण फसण्याची शक्यता सर्वाधिक असते ती घरातला वापर आणि पॅनेलची निर्मिती अगदी तंतोतंत जुळते तेव्हा, कारण त्या वेळी पुरवठा गेला तरी व्होल्टेज आणि वारंवारता फारशी हलत नाही आणि इनव्हर्टरला काही घडल्याचे लक्षातच येत नाही. म्हणूनच आयएस १६१६९ या भारतीय मानकानुसार प्रयोगशाळेत मुद्दाम असा जुळवलेला भार लावून चाचणी घेतात. दुपारी फ्रिज आणि दोन पंखे चालू असताना मेन पाडून पाहणे ही सोपी परीक्षा झाली. तिच्यात जवळजवळ कोणतेही यंत्र उत्तीर्ण होईल. खोक्यावर छापलेल्या ओळीवर विसंबू नका. २०१७ सालच्या केंद्रीय आदेशाने सौर इनव्हर्टर बीआयएस या भारतीय मानक संस्थेच्या सक्तीच्या नोंदणीखाली आणले गेले आहेत, त्यामुळे यंत्रावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा आणि तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो. पुतण्याला हे काम आजच सांगा. क्रमांक नसेल किंवा दुसऱ्याच वस्तूचा निघाला, तर यंत्र परत पाठवण्याची मुदत संपायच्या आत ते परत जाऊ द्या. पुढचे सगळे वाचण्याचीही मग गरज नाही.

आता तुमच्या पत्रातील ज्या एका ओळीपाशी मी थबकलो तिच्याकडे येतो. तुम्ही ओघात लिहिले आहे की घरात बॅटरीचा इनव्हर्टर आधीपासून आहे. भारतीय घरांत या छोट्या सौर यंत्रांचा खरा धोका इथे आहे, आणि परदेशी माहितीत त्याचा उल्लेख फारसा सापडत नाही, कारण तिकडे अशी बॅटरी घरोघरी नसते.

लाईट गेली की तुमचा बॅटरी इनव्हर्टर घराचा काही भाग खांबावरच्या पुरवठ्यापासून तोडतो आणि त्या भागात स्वतःची २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झची वीज सोडतो. गच्चीवरच्या खोलीतील सॉकेट त्याच भागात असेल, तर सौर इनव्हर्टरला काय दिसते? त्याला पुन्हा नीट पुरवठा दिसतो. तो बॅटरीचा आहे की महावितरणचा, हे ओळखायचे साधन त्याच्याजवळ नाही. विशेषतः बॅटरी इनव्हर्टर साइन वेव्ह प्रकारचा, म्हणजे महावितरणच्या विजेसारखीच लहर देणारा असेल, तर सौर इनव्हर्टर ठरलेला वेळ थांबून पुन्हा सुरू होतो आणि वीज ढकलू लागतो. समजा त्या वेळी घरात २०० वॅटचा वापर आहे आणि पॅनेल ५०० वॅट देत आहेत. उरलेल्या ३०० वॅटना जायला जागा एकच : उलट मार्गाने बॅटरी इनव्हर्टरच्या आत आणि तिथून बॅटरीत. १२ व्होल्टच्या बॅटरीला हा साधारण २५ अँपिअरचा भार होतो, आणि तोही चार्जरच्या नियंत्रणाबाहेरून आलेला, म्हणजे बॅटरी भरली तरी तो थांबत नाही. बॅटरी तापते, आतले पाणी उकळू लागते, हायड्रोजन बाहेर पडतो; बॅटरी इनव्हर्टरमधील भाग जळू शकतात किंवा व्होल्टेज चढून त्याच वेळी चालू असलेली टीव्हीसारखी उपकरणे जातात. बॅटरी बहुधा जिन्याखाली ठेवलेली असते, जिथे वारा खेळत नाही, हेही ध्यानात घ्या.

या यंत्राची वाट पाहण्याची मुदत लक्षात घेतली की त्या दुपारच्या परीक्षेचा अर्थही बदलतो. पुरवठा परत दिसल्यावर हे इनव्हर्टर लगेच सुरू होत नाहीत; मिनिटभर किंवा त्याहून अधिक काळ खात्री करून घेतात. तुम्ही मेन पाडला, यंत्र थांबले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि थोड्याच वेळात मेन पुन्हा चढवला, असे झाले असेल तर खरा प्रसंग घडायच्या आधीच परीक्षा संपली. ती परीक्षा अधिक वेळ घेऊन पुन्हा करू नका, कारण त्यात यंत्रे जळू शकतात. त्याऐवजी सौर यंत्राचा प्लग काढून, ते कपाटात ठेवून, मेन पाडा आणि गच्चीवरच्या खोलीतील दिवा किंवा त्याच सॉकेटला लावलेला टेबलफॅन बॅटरीवर चालतो का एवढेच पाहा. चालत असेल तर त्या सॉकेटला हे यंत्र कधीही लागता कामा नये. चालत नसेल तरी सॉकेटविषयीचे बाकीचे आक्षेप तसेच राहतात. सोसायट्यांत राहणाऱ्या ज्या वाचकांकडे डिझेल जनरेटरची जोडणी येते, त्यांनाही हेच लागू आहे.

तुमच्या घराच्या भिंतीबाहेरचाही एक माणूस या हिशेबात आहे. खांबावर चढणारा महावितरणचा जनमित्र तुमच्या गल्लीचा फ्यूज काढतो, तेव्हा पुढची तार मेलेली आहे असे धरून हात घालतो. सारी गल्ली जोडलेली असेल तर ६०० वॅटचे यंत्र शेजाऱ्यांच्या भाराखाली दबून बंद पडेल, हा पुतण्याचा युक्तिवाद बरोबर आहे. पण केवळ तुमच्याच घराची जोडणी खांबावर सोडवून काम चालू असेल तेव्हा शेजाऱ्यांचा भार मध्ये नसतो, आणि त्या तारेवर येणारे २३० व्होल्ट हे माणसाला पुरेसे असतात. नोंद केलेल्या सौर जोडणीची माहिती कार्यालयात असते आणि जनमित्राला ती विचारता येते. गुपचूप लावलेल्या यंत्राची माहिती कोणालाच नसते.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले. होय, कळवायला हवे, किंबहुना परवानगी घेऊनच जोडायला हवे. वीजजाळ्याला जोडल्या जाणाऱ्या अशा स्रोतांसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ सालचे तांत्रिक विनियम आहेत आणि छतावरच्या सौर यंत्रणांसाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे २०१९ सालचे विनियम आहेत. त्यांत अर्ज, तपासणी आणि दुहेरी मोजणीचा नेट मीटर असा रस्ता आखून दिलेला आहे. प्लग खोचून वीज सोडण्याचा रस्ता त्यांत नाही. ‘एवढ्याशाने त्यांना काय कळणार’ असे वायरमन म्हणाले असतील, तर त्यांना मीटर दाखवा. अनेक साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरांना विजेची दिशा कळत नाही. बाहेर गेलेली वीजही ते वापरलेली म्हणूनच मोजतात. तुम्ही शाळेत, यजमान आणि दीर कामावर, पुतण्या महाविद्यालयात. भर दुपारी घरात फ्रिजशिवाय फार काही चालू नसताना पॅनेलची उरलेली वीज बाहेर जाणार आणि तिचे बिल तुम्हालाच येणार. अशी रोज दोन युनिट गेली तरी महिन्याला साठ युनिट होतात. बचतीसाठी आणलेल्या यंत्राने बिल वाढवले, तर घरातली चर्चा वेगळ्याच वळणावर जाईल. आणि मीटर जुना चकतीचा असेल आणि उलटा फिरू लागला, तर त्याचा खुलासा वीज कंपनीला करणे सोपे नसते.

मग काय करावे? माझे मत स्पष्ट सांगतो : सॉकेटला लावू देऊ नका, एका दिवसासाठीही नाही. पण पॅनेल टाकून देण्याचे कारण नाही. दोन वाटा आहेत आणि कोणती घ्यायची ते घराला नेमके काय हवे आहे यावर ठरेल.

लाईट गेल्यावर दिवे-पंखे चालावेत एवढेच हवे असेल, तर ग्रिड-टाय इनव्हर्टर परत करा आणि पॅनेल सोलर चार्ज कंट्रोलरमार्फत, म्हणजे बॅटरीत जाणारा प्रवाह आवरणाऱ्या यंत्रामार्फत, आहे त्याच बॅटरीला जोडून घ्या. यात घराच्या २३० व्होल्टच्या वायरिंगला आणि महावितरणच्या तारेला हात लागत नाही, त्यामुळे वर सांगितलेले बहुतेक धोके उरत नाहीत. मात्र इथेही मोजमाप हवे. १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीला साधारण त्याच्या एक दशांश, म्हणजे १५ अँपिअरच्या आसपास चार्जिंग मानवते. ३०० वॅटचे एकच पॅनेल कडक उन्हात याहून अधिक देऊ शकते. म्हणून प्रवाहाची मर्यादा ठरवता येईल असा कंट्रोलर घ्या, पॅनेलचे व्होल्टेज त्याला झेपते का ते पाहा, एकच पॅनेल जोडा आणि बॅटरीच्या धन (+) टोकाजवळ योग्य फ्यूज बसवा. डीसीच्या, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीकडच्या विजेच्या, वायरवर घरातला साधा एसीचा एमसीबी चालत नाही, कारण डीसीची ठिणगी एकदा पेटली की सहज विझत नाही. डीसीसाठी बनवलेलाच एमसीबी लागतो. पदविकेच्या विद्यार्थ्याला हा प्रकल्प हातात घेण्याजोगा आहे, आणि त्याच्या प्राध्यापकांना दाखवूनच तो करावा.

बिल कमी व्हावे असे हवे असेल, तर ६०० वॅटवर अडून राहण्यात अर्थ नाही. आपल्याकडे एक किलोवॅटची पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतात असा ढोबळ हिशेब धरतात. त्या मानाने ही दोन पॅनेल दिवसाला फार तर अडीच युनिट देतील, आणि कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या झडीत त्याहून बरीच कमी. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान आहे. महिन्याचा वापर १५० युनिटांपर्यंत असेल तर एक ते दोन किलोवॅट आणि १५० ते ३०० युनिट असेल तर दोन ते तीन किलोवॅट अशी त्या योजनेतली शिफारस आहे. २०२४ सालीच केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत बदल होऊन दहा किलोवॅटपर्यंतचे परिपूर्ण अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या वेगळ्या अभ्यासाशिवाय मंजूर मानले जाऊ लागले आहेत. अनुदानासाठी नोंदणीकृत विक्रेता आणि देशात बनवलेल्या सेलची पॅनेल लागतात, त्यामुळे पुतण्याची पॅनेल त्यात खपवता येणार नाहीत; ती बॅटरीकडे जाऊ द्या.

या वाटेने गेलात तर विक्रेत्याच्या माणसांवर सगळे सोपवून मोकळे होऊ नका. काही गोष्टी स्वतः उभे राहून पाहा. सौर इनव्हर्टरची वायर मुख्य बोर्डापर्यंत स्वतंत्र आली पाहिजे, वाटेत दुसरे एकही सॉकेट नको. ती बॅटरी इनव्हर्टरच्या आधी, खांबाच्या बाजूला जोडली गेली पाहिजे, आणि तिच्यावर फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा स्वतःचा एमसीबी हवा. वायरची जाडी अंतराप्रमाणे काढावी लागते, कारण बारीक आणि लांब वायरीवर व्होल्टेज चढते आणि मग ऐन दुपारी इनव्हर्टर वारंवार बंद पडतो. बोर्डात आरसीसीबी (वीज गळू लागताच किंवा झटका बसताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्याच्यावर ‘लाइन’ आणि ‘लोड’ अशा खुणा आहेत का ते विचारा. एका दिशेनेच वीज चालावी अशा बेताने बनवलेल्या प्रकाराला मागून वीज मिळाली तर तो पडताना जळू शकतो आणि पुढे कोणाला झटका बसला तरी तो पडत नाही. बोर्डावर आणि मीटरजवळ ‘येथे दोन बाजूंनी वीज येते’ अशी मराठीत पाटी लावून घ्या.

अर्थिंगवर मी अडून बसेन. पॅनेलच्या चौकटी आणि लोखंडी सांगाडा अर्थ केलेला हवा, आणि तो अर्थ खरा हवा. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे कोरडा पडलेला असतो किंवा कोणीतरी बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून ठेवलेले असतात. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मोजणी करून आकडा लिहून घ्या. तो पाच ओहमच्या आत असावा अशी रूढ अपेक्षा असते.

तुमची पेठ नदीजवळची आहे म्हणून पुराचेही सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या किती वर गेले आणि कुठवर आले हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पुरात महावितरण पुरवठा तोडते, पण उन्हाची तिरीप आली की पॅनेल त्यांची डीसी वीज देतच राहतात. सहा पॅनेल एका माळेत जोडली तर ती वीज ३०० व्होल्टच्या आसपास जाते. म्हणून इनव्हर्टर आणि डीसीचा स्विच वरच्या मजल्यावरच बसवायचा, डीसी वायर खालच्या मजल्यावर उतरवायची नाही, आणि खाली पाणी शिरण्याच्या आधी तो स्विच कोणी पाडायचा हे घरात ठरवून ठेवायचे.

वायरमनकाकांना तोडून बोलू नका. त्यांनी तुमचे घर अनेक वर्षे सांभाळले आहे आणि त्यांचा अनुभव खरा आहे, फक्त तो एका दिशेने येणाऱ्या विजेचा आहे. सौर जोडणीच्या दिवशी त्यांना मुद्दाम बोलवा. भिंतीआड कोणती वायर कुठे गेली आहे हे त्यांच्याइतके कोणालाच सांगता येणार नाही. पुतण्याला ‘नको’ म्हणण्याऐवजी त्याच्या हातात वही द्या : कोणत्या एमसीबीवर कोणत्या खोल्या, बॅटरीवर कोणती सॉकेट, गच्चीवर टाकीची आणि शेजारच्या भिंतीची सावली किती वाजता कुठे पडते, वर्षभराच्या बिलांतील युनिट किती. विक्रेता आल्यावर हीच वही त्याच्यापुढे ठेवायची. ज्या मुलाने स्वतःच्या पैशाने पॅनेल मागवली त्याला हे काम कंटाळवाणे वाटणार नाही, असा माझा कयास आहे.

एक अडचण मात्र विजेची नाही. योजनेचा अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावाने होतो, आणि तुमचा मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. नाव बदलायचे तर वारसांची संमती लागेल, आणि मग मीटर कोणाच्या नावावर करायचा, अनुदान कोणाच्या खात्यात येणार, गच्ची कोणाची, हे प्रश्न दोन्ही कुटुंबांपुढे येतील. तुमच्या पत्रात या विषयावर एक ओळही नाही, म्हणून तो आजवर टाळला गेला असावा असे मी समजतो. विक्रेत्याला बोलावण्याआधी यजमान, दीर आणि दोन्ही जावा एकत्र बसून ते बोलून घ्या, जे ठरेल ते कागदावर लिहा आणि नावबदलाचा अर्ज पहिल्यांदा द्या.